पंप आपोआप का चालू होतो

"आजोबा, कुणीच पाणी वापरत नाहीये, मग पंप का चालू झाला?" भिंगरीने विचारलं. ही माझी नऊ वर्षांची नात. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

उत्तर मला ठाऊक होतं. तिच्या आजीच्या न्हाणीघरातला नळ मीच पाच महिन्यांपासून दोऱ्याएवढा सोडून ठेवला होता. आजारपणात ती न्हाणीघराला लागूनच्या मागच्या खोलीत असायची. तिनं नळ उघडला की जिन्याखालचा पंप घुरघुरायचा आणि मला पुढच्या खोलीत कळायचं, उठली, बरी आहे. ती गेली आणि पंप गप्प झाला. ते काही मला सोसेना.

कालच लेक फोनवर चिडली होती. "बाबा, पंप असा सारखा लागत राहिला तर मोटर जळेल एक दिवस! मग या वयात विहिरीवर दोर-बादली घेऊन जाणार का?" मी "बघतो" म्हणून वेळ मारून नेली.

भिंगरीलाही "पंप जुना झालाय" म्हणून वाटेला लावता आलं असतं. पण मुलांना खोटं उत्तर मी कधी दिलेलं नाही.

"चल, शोधू. दाब उतरला की पंप लागतो, म्हणजे पाणी कुठंतरी जातंय. तपासायची एकही पायरी मात्र गाळायची नाही."

जिन्याखालची निळी प्रेशर टाकी तिच्या खांद्याएवढी. तिनं वरपासून खालपर्यंत टकटक केलं. "वर पोकळ, खाली भरीव."

"म्हणजे वर हवा, खाली पाणी. टाकी ठणठणीत."

"तुमचं डोकं वाजवून बघू?"

"नको, सगळीकडे पोकळच वाजेल."

ती खिदळली. मग मी तिला घराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. पाणी उलटं विहिरीत जात असेल तर दाब दाखवणाऱ्या गेजची सुई उतरायला हवी. पाच मिनिटं आम्ही टक लावून बसलो. सुई ढिम्म.

"विहिरीकडे नाही! घरातच गळतंय!"

"शाबास. उघड व्हॉल्व्ह. आता एकेक नळ बघ."

स्वयंपाकघरातल्या नळाखाली तिनं तळहात धरून दहा आकडे मोजले. कोरडा. अंगणातला कोरडा. संडासाची टाकीही ठीक. मग ती मागच्या खोलीत गेली. मी गेलो नाही.

परत आली ती सावकाश चालत.

"आजीच्या नळाला बारीक धार आहे. आणि खाली टॉवेल घडी करून ठेवलाय, आवाज होऊ नये म्हणून. हा बिघाड नाहीये ना, आजोबा?"

"नाही."

"मी बंद नाही केला. घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, तुम्हीच सांगितलंय."

तेवढ्यात पंप पुन्हा लागला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा लागला की तुम्हाला वाटतं..." मोटरला बोट लावून तिनं झटकन मागे घेतलं. "केवढी तापलीय! अशी किती दिवस टिकेल?"

"फार नाही."

मी उठलो. मागच्या खोलीत गेलो. टॉवेल पिळून दांडीवर टाकला, भिंगरीची आजी टाकायची तसा, आणि नळ आवळला.

येऊन बसलो तोवर पंप थांबला होता. सुई वर जाऊन थांबली ती तिथंच राहिली. पाच मिनिटं. दहा. घरात कसलाच आवाज नाही.

"झालं दुरुस्त?" भिंगरीने हळूच विचारलं.

"झालं. बरोबर शोधलंस. एकही पायरी गाळली नाहीस."

ती माझ्याजवळ बसली, अजिबात न हलता. मी मोटरवर तळहात ठेवला. अजून ऊब होती. गार होईपर्यंत मी हात काढला नाही.