सामायिकातलं फ्रेंच

सत्त्याऐंशी साली देवपूरच्या कुसुमलतानं बी.ए.ला फ्रेंच घेतलं, पण क्रियापदं घोकायला घरकामातून सवड मिळेना. नापास झालीस तर कॉलेज बंद, असं सासऱ्यांनी बजावलेलं. सामायिकात, म्हणजे जैनांच्या रोजच्या ध्यानात, जपाला बसलेल्या सुनेला मात्र अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी उठवत नाही. म्हणून तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून ती पुटपुटायला लागली, "झ पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल..."

सासूबाई सायरबाईंनी सुनेची भक्ती गल्लीभर सांगितली. चौथ्या दिवशी पाच बायका मागे येऊन बसल्या आणि एखादं स्तोत्र असेल म्हणून तिच्यामागून म्हणायला लागल्या. कुसुमलताला घाम फुटला, पण मध्येच थांबायची सोय नव्हती.

बायका गेल्यावर सायरबाई म्हणाल्या, "बेटा, 'नू पार्लों'नंतर 'वू पार्ले' येतं. तू रोज गाळतेस."

"तुम्हाला कसं कळलं?" कुसुमलतानं विचारलं.

"तुझ्या वहीत देवनागरीत लिहिलंयस की. परीक्षेपर्यंत दोन्ही वेळा बस, पोळ्या मी लाटते. यांना सांगते, सूनबाईंनी नेम धरलाय."

कुसुमलता त्यांच्या पाया पडली. लग्नापासून रोजच पडत होती, पण ते रिवाज म्हणून. आज मनापासून पडली.