पोळ्याचा उंट

साक्षी उदगीरला ढोरांची डॉक्टरकी शिकायला गेली, त्या सालचा हा पोळा. तिच्या आजोबांची, शेषेरावांची, देवणी बैलांची जोडी उन्हाळ्यात लम्पीनं मेली होती. आमच्या गावात वेशीवरचं तोरण ज्याचं जनावर आधी तोडतं, वर्षभर मान त्याचा. हा मान शेषेरावांच्या घरात आज्यापासूनचा. यंदा गोठा रिकामा, आणि पोळ्याला कोणी बैल उसना देत नसतो. शेजारचा वैजनाथ तर शिंगं रंगवून वाटच बघत होता.

शेषेराव अहमदपूरला गेले आणि येताना उंटवाल्या अकरमला आणि त्याच्या उंटाला घेऊन आले. उरसात पोरांना फिरवणारा उंट. पावसाळ्यात त्याला धंदा नसतो.

त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, कपाळावर हात मारला. "आवो, ह्याचा खांदा कुठं हाय?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचा खांदा हळद-तुपानं मळतात. ज्यानं खांदा मळला त्याचं जनावर, ही आमच्याकडची रीत. शेषेरावांनी शिडी लावली आणि उंटाचं वशिंड मळलं.

"काका, तोंडाकडं नका जाऊ, थुंकतो त्यो," अकरम खालून ओरडला.

"थुंकू दे! आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

उंट थुंकला. आवतण पोचलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी बाशिंग बांधलेला उंट वेशीत शिरला तसे बैल बुजले. वैजनाथ आडवा झाला.

"शेषेतात्या, डोस्कं फिरलं का? पोळा बैलाचा हाय!"

"साक्षे, सांग गं ह्याला."

पोळ्यासाठी घरी आलेल्या साक्षीनं उंटाचा पाय दाखवला. "काका, बोटं दोन. रवंथ बी करतो. ह्याला समखुरी म्हणत्यात. बैल, शेळी, हरीण, उंट, समदी एकाच गणातली."

"खूर कुठाय? ही तर गादी हाय!"

"गादी हाय, पर बोटं दोनच."

"मग डुकरं बी आणा की!"

"डुकरू बी समखुरीच हाय. पर रवंथ न्हाई करत."

"आन् माझी घोडी?"

"ती न्हाई चालत. एकच खूर. ती गाढवाच्या भावकीतली."

वेशीत हशा पिकला. वैजनाथ तापला. "अजून कोण कोण हाय तुमच्या भावकीत?"

"समुद्रातला देवमासा."

"त्याचा खांदा कोण मळणार?"

"त्याला खांदा असंल तर मी मळतो," शेषेराव म्हणाले. "आधी माझ्या उंटाचं बघा."

निवाडा देवळाच्या महांतेशस्वामींकडे गेला. स्वामी उंटाच्या पायाशी बसले, बोटं चाचपली, डोळे मिटले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघून राहिलं. वर कोणाचंच लक्ष नव्हतं. उंटानं मान लांब केली आणि तोरण आंब्याच्या पानांसकट खाऊन टाकलं. दोरीचं एक टोक तेवढं ओठातून लोंबत होतं.

"तुटलं!" शेषेराव ओरडले.

"तुटलं न्हाई, खाल्लं!" वैजनाथ म्हणाला. "आन् उंट अकरमचा. मान बी अकरमलाच द्या!"

"खांदा कोणी मळला?" स्वामींनी विचारलं.

"ह्यांनी," अकरम म्हणाला. "शिडी लावून."

स्वामी उठले. त्यांनी मानाचा नारळ शेषेरावांच्या हातात दिला.

पुढच्या साली वैजनाथानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला आणि मृगाच्या आधीच अहमदपूरला जाऊन पोळ्यासाठी उंट सांगून आला. पण आषाढात तो उंट मेला. शेषेराव त्याच्या आधीच गेले होते, माघात, पहाटे झोपेतच.