आखूड पाट्यांचा मान

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "हिची उरलेली अर्धी कुठे गेली?" मला त्याची सवय झाली आहे. बर्फावरून घसरायच्या लांब स्की माणसाच्या कपाळापर्यंत येतात, मी येते कमरेपर्यंत. मला स्कीबोर्ड म्हणतात. आम्ही दोघी जुळ्या, आणि तुमच्याशी बोलते आहे ती डावी. उजवी फारशी बोलत नाही. वळणात मात्र ती माझ्याहून सरस आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म दूर आल्प्सच्या पायथ्याशी, एका लहानशा कारखान्यात झाला. हलक्या लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून माझं पोट घडवलं. दोन्ही कडांना पोलाद बसवलं. पुढचं टोक वर वळवलं आणि मागचंही. म्हणजे मी कुणाची तुटकी बहीण नाही, मला मुद्दाम असंच घडवलं आहे.

एका पाहुण्याबरोबर मी किर्गिझस्तानातल्या अक-बुलाक गावी आले. वर उघडा पांढरा उतार, त्याखाली देवदारांचं दाट रान, आणि रान संपलं की गाव. पाहुणा महिनाभर राहिला आणि निघताना मला बेकबोलोत आकेंना भेट देऊन गेला. आके, म्हणजे तिथल्या बोलीत दादा, भाड्याने स्की देण्याची खोली चालवत.

आकेंची देण्याची रीत ठरलेली होती. त्या गावात मेंढी कापली की कुणाला कोणता तुकडा द्यायचा, हे वयावरून आणि मानावरून ठरतं. थोरांना मोठी हाडं, पोरांना कान. आके स्कीसुद्धा तशाच वाटत. सगळ्यांत वयस्काला सगळ्यांत लांब, मग उतरत्या क्रमाने. कोण कुठे जाणार, कुणाला किती येतं, हे विचारणं त्यांना असभ्य वाटे. पाहुण्याला कुणी प्रश्न विचारतं का!

मग माझ्या वाट्याला काय येणार? पोरंटोरं, नाहीतर नव्या सुना. तरी मी खूश होते. तळ्याच्या बर्फावर नुसत्या बुटांनी घसरत वाढलेली ती पोरं माझ्यावर उभी राहिली की दोन तासांत गिरक्या घेत.

माझं नशीब फिरलं ते एल्दियारमुळे. उंचापुरा, दांडगा जवान. 'आखूड म्हणजे सोपी' असं समजून त्याने मला उचललं आणि वरच्या उघड्या उतारावर, गुडघाभर भुसभुशीत बर्फात नेलं. एवढा मोठा देह तिथे पेलायला लांब-रुंद स्कीच हवी. मी बुडाले, तोही बुडाला. परत आल्यावर त्याने मला कोपऱ्यात फेकलं. "हे खेळणं आहे, आके! चुलीत घाला."

चुलीत घातलं नाही एवढंच. चुलीमागे मला आडवं टांगलं आणि माझ्यावर ओले मोजे वाळू लागले. चार हिवाळे! कडांना तांबूस गंज चढला. मित्रांनो, मोज्यांशी माझं वैर नाही, पण त्यांचा दांडा होण्यासाठी मी जन्मले नव्हते.

पाचव्या हिवाळ्यात गावातल्या स्की केंद्राच्या प्रमुख बुरुल एजेंनी, म्हणजे बुरुलताईंनी, एक जागा काढली. रानात पडलेल्या-अडकलेल्यांपर्यंत औषधाची पिशवी घेऊन जाणारा माणूस त्यांना हवा होता. शुक्रवारी परीक्षा. एल्दियारने नाव दिलं, आणि ओरोझबेकनेही.

ओरोझबेक चाळिशीचा, चणीने लहान, गावातला नावाजलेला घोडेस्वार. उन्हाळ्यात तो पाहुण्यांना घोड्यावरून फिरवी. हिवाळ्यात काम नसे. रविवारी त्याला मॉस्कोला निघायचं होतं, तिथल्या रस्त्यांवरचा बर्फ लोटायला. त्यासाठी निळ्या चौकड्यांची भली मोठी पिशवीही आणून ठेवली होती. त्याच्या दोन लेकी त्या पिशवीत लपून बसत. धाकटी म्हणे, "मी यातून बाहेर येणारच नाही. मग बाबा कपडे कुठे भरेल?"

सोमवारी तो सरावासाठी खोलीत आला. आकेंनी वय पाहून दोन नंबरच्या लांब स्की काढून दिल्या. संध्याकाळी तो परतला तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं आणि दाढीत देवदाराच्या काड्या.

आकेंची लेक सालकिन शहरात दोन हिवाळे स्की शिकवून नुकतीच परतली होती. थोरल्या भावाला हाक मारावी तसं तिने विचारलं, "बाइके, किती झाडांना मिठी मारून आलात?"

"मोजली नाहीत. एक मात्र ओळखीचं झालंय, तीनदा भेटलं."

"वजन किती तुमचं?"

"खोगिरासकट सांगू की सोडून?"

सालकिन हसली. मग पोराशी बोलावं तसं नाही, कारागिराशी बोलावं तसं विचारू लागली. वेगाने सरळ जायला आवडतं, की वळत वळत? वरच्या उतारावर जायचंय, की फक्त रानात? काठ्यांविना हात मोकळे हवेत का? ओरोझबेकने विचार करून उत्तरं दिली. वेग नको. झाडांमधल्या फटींतून जायचंय. आणि पडलेल्याला उचलायचं तर हात मोकळेच हवेत.

तिने चुलीमागे हात घातला, मोजे झटकले आणि मला बाहेर काढलं.

आके उसळले. "पोरी, चाळिशीच्या माणसाला पोरांच्या पाट्या? उद्या मेजवानीत याला मेंढीचा कान वाढू का?"

"बाबा, मेंढी कापताना तुमची रीत. उतारावर माझी."

ओरोझबेकने मला हातात घेतलं. पण त्याचे कान लाल झाले होते. त्याला टेंगळापेक्षा लाज जास्त दुखत होती.

सालकिनने माझा गंज दगडाने घासला, जुन्या इस्त्रीने पोटावर मेण चढवलं. मंगळवारी ओरोझबेक माझ्यावर उभा राहिला आणि पहिल्याच उतारावर पाठीवर आपटला. पुन्हा उठला, पुन्हा पाठीवर. दहा वेळा! दोष कुणाचा, सांगू? घोडा उतार उतरू लागला की स्वार मागे रेलतो. ते त्याच्या हाडांत मुरलं होतं. पण माझ्यावर मागे रेलायला जागाच नाही. टाचेपासून दीड वितीवर मी संपते.

वरून एल्दियार ओरडला, "बाइके, घोड्याला शेपूट असतं! तिला नाही!"

ओरोझबेक बर्फातच बसला. "सालकिन, रविवारच्या गाडीनेच जातो मी. गावासमोर अजून हसं नको."

सालकिन त्याच्या शेजारी बसली. "घोडा दुडक्या चालीने निघाला की तुम्ही रिकिबीत कसे उभे राहता?"

तो उठला. गुडघे सैल, नडगी पुढे टेकलेली, भार पावलाच्या मधोमध.

"बस्स. असेच उतरा. आणि घोडा गुडघ्यांनी वळवता ना? हिलाही तसंच वळवा."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोलादी कडा शहारल्या. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बरोबर मधोमध उभं होतं! त्याने डावा गुडघा किंचित दाबला, आणि आम्ही दोघी पाण्यासारख्या वळलो. तो थक्क झाला. मी नाही. मला माझं काम येतच होतं.

शुक्रवारी सारं गाव खाली जमलं. बुरुल एजेंनी दोघांच्या पिशव्यांत पाच पाच अंडी ठेवली. "ही औषधाच्या बाटल्या समजा. रानात एका झाडाखाली मी एकाला आजारी माणूस म्हणून बसवलंय. त्याला शोधून, आधार देत खाली आणायचं."

एल्दियार बाणासारखा सुटला. उघड्या जागेत त्याच्या लांब स्की किती देखण्या दिसत होत्या, हे मीही मान्य करते. पण रान दाटलं तशा त्या फांद्यांत अडकल्या. तो आजारी माणसासकट पोचला, तेव्हा पिशवीतून पिवळा ओघळ येत होता.

मग आम्ही. कमरेएवढ्या पाट्या पाहून कुणीतरी हसलं. ओरोझबेक थांबला, क्षणभरच. खाली धाकटी लेक मोठीच्या खांद्यावर चढून पाहत होती. त्याने गुडघे सैल केले. एक फट, दुसरी फट, डावी, उजवी. त्याच्या ओळखीचं झाड आलं, त्यालाही वळसा घातला. आजारी माणसाचा एक हात खांद्यावर घेऊन, दुसऱ्या हाताने फांद्या सारत, आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने खाली आलो. बुरुल एजेंनी पिशवीत हात घातला. पाचही अंडी धड.

"रान तुझं," त्या म्हणाल्या. "आणि एल्दियार, रागावू नकोस. हा वरच्या उतारावर गेला असता तर आम्ही याला फावड्याने काढलं असतं."

त्या संध्याकाळी ओरोझबेककडे मेंढी कापली. आकेंनी नेहमीप्रमाणे त्याच्या वयाचं हाड पुढे केलं. तो हसून म्हणाला, "आके, आज मला कानच द्या." कान त्याने धाकटीच्या हातात ठेवला. मेजवानी संपली तसे आके आपल्या खोलीवर परतले. मग त्यांनी चुलीमागचे मोजे काढले आणि दाराजवळ माझ्यासाठी नवा खिळा ठोकला.

आता खोलीत येणाऱ्याला आके आधी चहा देतात आणि मग प्रश्न विचारतात. म्हणून तुम्हालाही सांगते. मला निवडताना लाजू नका, आणि सोपी समजून उचलूही नका. स्वतःचं वजन, स्वतःची चाल, जायची वाट आधी पाहा. माझ्याहून लांब कुणी तुम्हाला शोभत असेल, तर खुशाल तिला न्या. मला राग येणार नाही. आणि जिला न्याल तिच्या कडा घरी आल्यावर कोरड्या पुसा. तेवढ्याने आम्ही वर्षानुवर्षं चालतो.

मी अजून चालतेच आहे. बर्फ वितळला की ओरोझबेक मला पुसतो, कडांना तेल लावतो आणि उन्हाळाभर निजवून ठेवतो त्या निळ्या चौकड्यांच्या पिशवीत. मॉस्कोला काही ती पोचली नाही. धाकटी अजूनही अधूनमधून आत शिरते. मी जरा सरकून तिला जागा देते.