सहावा नॉकआउट

गजेंद्रने खांद्यावर थाप मारली तेव्हा चिंधा यंत्रमागावरचा तुटलेला धागा जोडत होता. लूमच्या खडखडाटात बोलून उपयोग नव्हता. गजेंद्रने दाराकडे बोट केलं आणि दोघं कारखान्याबाहेर आले.

"चिंधाभाऊ, खरं सांग. तीन महिन्यांपूर्वी मॅचमध्ये मी तुला पाडलं, माझा सहावा नॉकआउट, तो ठोसा खरंच लागला होता का?"

चिंधा त्याच्या ओठांकडे बघत होता.

"लागना ना! म्हणून तर गुडघ्यावर बठनू, दम लेवाले. दहाना आत, आठले उठसू आसं ठरायेल व्हतं."

"मग उठला का नाहीस?"

"मोजनं आयकू उनं नही रे. बारा वरीस लूमवर, कान गयात. रेफरीची बोटं बी दिसली नाहीत, डोयामां घाम. मी मन्हं मनमां मोजत होतो. मन्हं सहाच व्हयनं, तर तू हात वर करीसन नाचाले लागना."

"अरे, मग सांगायचं ना!"

"कोणाले सांगू? समदा तुले खांद्यावर लीसन नाची ऱ्हायंतात."

गजेंद्र कपाळाला हात लावून तिथेच उभा राहिला. त्या दिवशी ठोसा भक्कम बसल्याचं मुठीला जाणवलं नव्हतं, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. लोकांनी उचललं आणि आपणही खुशाल उचलले गेलो, झालं!

"संध्याकाळी कोसाडच्या जिमवर ये," तो म्हणाला.

चिंधाशी पुन्हा लढायचंय हे ऐकून जिमचे प्रशिक्षक योगराज तडकले. "येडा झालास का? रविवारी हजीऱ्याला मॅच आहे. पोस्टरवर छापलंय, सहापैकी सहा नॉकआउट. कशाला उकरून काढतोस?"

"रविवारी समोरचा गडी पोस्टर वाचून पडणार नाही, सर."

योगराजांनी चरफडत घंटा वाजवली.

दुसऱ्या फेरीत गजेंद्रने सगळा जोर लावून उजव्या हाताचा ठोसा हाणला. चिंधा गुडघ्यावर बसला. नियमाने कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, पण गजेंद्र त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याने टॉवेलने चिंधाचे डोळे पुसले आणि योगराजांच्या मोजण्याबरोबर ग्लोव्हने जमिनीवर एकेक ठोका देऊ लागला. चिंधा ते ठोके बघत राहिला. आठव्याला तो उठला, सहज, पाटावरून उठावं तसा.

सगळा जोर लावूनही तो असा उठला, याचा गजेंद्रला राग आला आणि रडूही आलं. त्या गडबडीत त्याचा डावा हात खाली गेला. चिंधाने चूक बरोबर हेरून ठोसा हाणला. गजेंद्र पाठीवर आपटला.

योगराज मोजायचंच विसरले. चिंधाच वाकून मोजू लागला, कारखान्यात ओरडावं तसा. "तीन! चार!" प्रत्येक आकडा गजेंद्रला स्वच्छ ऐकू येत होता. सातला त्याने कोपर टेकलं. नऊला तो उभा होता.

"कळलं ना आता?" योगराज हळूच म्हणाले. "तुझ्या ठोशाने गडी झोपतोच असं नाही. रविवारचं नाव काढून घेऊ का?"

गजेंद्रने ओठावरचं रक्त पुसलं.

"पाच दिवस आहेत, सर."

मग तो चिंधाकडे वळला.

"उद्या बी येशील ना, भाऊ?"