दोन पोती कोयी

द्राक्षवेलींची राखण करणाऱ्या संत त्रिफुनच्या सणाला चार दिवस उरले होते. रोसांदाच्या स्वयंपाकघरात चुलीपासून हातभर अंतरावर पाण्याची बादली होती आणि बादलीत रातोमिरच्या बागेतल्या पीचच्या वीस काड्या उभ्या होत्या. जानेवारीअखेर दोन आठवडे असं ऊन पडलं होतं की माणसं अंगातले कोट काढून फिरत होती. मग पारा उणे बावीसवर उतरला आणि डॅन्यूबच्या काठाला बर्फ धरलं. थंडी सरल्यावर रातोमिर काड्या घेऊन आला. दोन दिवस त्या उबेत ठेवल्या, कारण मेलेला भाग काळा पडायला तेवढा वेळ लागतो. आज रोसांदा दाढीच्या पात्याने एकेक कळी आडवी कापत होती.

"बोल की, कुमा," रातोमिर म्हणाला. रोसांदा त्याच्या मुलीची धर्ममाता होती. तेव्हापासून ती त्याची कुमा आणि तो तिचा कुम. या नात्यात खोटं बोलत नाहीत, असं गावात मानतात. "डॉक्टरसुद्धा इतका वेळ छळत नाही."

"फुलकळ्या शंभरातल्या सत्तेचाळीस जिवंत."

"म्हणजे अर्ध्या गेल्या!"

"मे महिन्यात फळं विरळ करताना तूच अर्ध्याहून जास्त खुडतोस. थंडीने तुझी मजुरी वाचवली. कळ्यांची काळजी नाही."

मग तिने काड्यांची साल सोलायला घेतली. पहिल्या सहा ओळींच्या काड्या आतून ओल्या काकडीसारख्या हिरव्या होत्या. सातव्या ओळीपासून रंग बदलला. सालीखाली चहाच्या डागासारखी तपकिरी छटा होती, आठव्या ओळीच्या एका काडीत तर ती गाभ्यापर्यंत पोचली होती.

"तो खालचा भाग आहे," रातोमिर म्हणाला. "थंडी पाण्यासारखी उतारावर वाहते आणि तिथे साचते. शिवाय सप्टेंबरात मी तिथे शेणखत टाकलं. आमची ही, कोसारा, ओरडत होती, एवढ्या उशिरा झाडाला जेवायला घालू नकोस, त्याला झोपू दे. आता जन्मभर ऐकवेल. गेले चार दिवस ऐकवतेच आहे."

रोसांदाने नवव्या ओळीच्या दोन काड्या उचलल्या. एक तपकिरी होती, निळा दोरा बांधलेली दुसरी स्वच्छ हिरवी.

"ही निळ्या दोऱ्याची कोणत्या झाडाची?"

"सशांनी सोललं होतं ना एक? ते मेलं. त्याच्या जागी दुसऱ्या वर्षी तू रोप दिलंस, ते हे."

"खत यालाही घातलंस?"

"सगळ्यांना सारखं. मी काय पंक्तिभेद करतो?"

तीच ओळ, तोच उतार, तेच खत. फक्त रोप पुढच्या वर्षीचं. आणि वरच्या सहा हिरव्या ओळी आदल्या वर्षीच्या होत्या. रोसांदाने पातं टेबलावर ठेवलं.

तिची रोपवाटिका एका गोष्टीवर चालत होती. द्राक्षांच्या वेलींमध्ये आपोआप उगवणारा बारीक, पांढऱ्या गराचा पीच असतो; त्याला गावात मळ्याचा पीच म्हणतात. दर सप्टेंबरात ती त्याच्या कोयी वेचायची, त्या पेरून कलमासाठी खालचा खुंट करायची आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या सालीत मोठ्या फळाच्या जातीची कळी बसवायची, म्हणजे डोळा भरायची. तो खुंट वेळेवर झोपतो. मूळ झोपलं की वरचं झाडही झोपतं आणि मग हिवाळा त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. रातोमिरच्या शेजाऱ्याने परदेशी खुंटाची रोपं आणली, तेव्हा रातोमिरने तिच्याकडचीच घेतली, तिच्या एका वाक्यावर: आपल्या खुंटाला थंडी चावत नाही.

सात वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. वरच्या टेकडीवरचे द्राक्षमळेही त्याच वर्षी उपटले गेले होते. वाफे रिकामे राहू नयेत म्हणून तिने रस काढणाऱ्या एका कारखान्यातून दोन पोती कोयी मागवल्या. दक्षिणेकडच्या, मऊ हवेत वाढलेल्या फळांच्या. रोपं झरझर वाढली. नोव्हेंबरातही त्यांची पानं हिरवी होती. ते तिने पाहिलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

"कोसाराला सांग, खताने काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"मग कशाने?"

तिने सांगितलं. पाय, मळे, कारखाना, पोती. कमी-जास्त काही केलं नाही. रातोमिर ऐकत असताना निळा दोरा बोटाभोवती गुंडाळत होता आणि सोडत होता.

"ऐंशी झाडं," तो शेवटी म्हणाला. "पाच वर्षं मी त्या शेजाऱ्याला हसतोय. म्हणायचो, तुझी झाडं परदेशी, थंडीत स्वेटर मागतील. आणि माझी कुठली निघाली?"

"काही तगतील. सगळी नाही."

"मघाशी मीच तुला म्हटलं ना, खत, उतार. तू नुसती मान हलवली असतीस तरी चाललं असतं."

"हो."

"मग हलवायची होतीस!" तो ओरडला, टोपी घेतली आणि गेला. काड्या तिथेच राहिल्या. रकियाचा, फळांच्या दारूचा, पेलाही त्याने न पिता तसाच सोडला होता. हे रातोमिरच्या हातून कधी घडलेलं नव्हतं.

त्या वर्षीची रोपं आणखी अकरा घरी गेली होती. रोसांदाने जुन्या वहीतून नावं काढून कागदावर उतरवली. त्रिफुनच्या सकाळी सगळे पुरुष आपापल्या मळ्यात असतात. वेलाच्या तीन काड्या छाटायच्या, छाटलेल्या जागी वाइन ओतायची आणि उरलेली प्यायची. एका फेरीत सगळे भेटणार होते. त्या सकाळी बूट चढवून ती टेकडीच्या वाटेला लागली.

पहिला मळा रातोमिरचाच होता. तो बांधाशी कात्री घेऊन उभा होता. बांधाच्या टोकाला मळ्याच्या पीचचं एक वाकडं, खरबरीत झाड होतं. सावली पडते म्हणून कोसारा दर वर्षी ते तोडायला सांगायची.

"कोसारा म्हणते, आता तोडू नका," तो म्हणाला. "किती कोयी निघतील याच्या?"

"चांगलं वर्ष असेल तर चारशे. निम्म्या उगवतील."

"सप्टेंबरात मी स्वतः वेचणार. तू नाही. तुझ्यावरचा माझा भरवसा संपलाय."

"बरं. डोळे?"

"डोळे तू भर. ते मला जमत नाही." त्याने वेलावर वाइन ओतली, बाटली हलवून किती उरली ते पाहिलं आणि उरलेली त्या वाकड्या झाडाच्या बुंध्याशी ओतली. मग तिच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "हे काय?"

"बाकीच्यांची नावं. सांगायला निघालेय."

"एकटी? प्रत्येक मळ्यात तुला एकेक पेला पाजतील. सहाव्या मळ्यात पोचेपर्यंत काय सांगायचं तेच विसरशील."

"मी पिणार नाही."

"त्रिफुनला? मग ऐकूनसुद्धा घेणार नाहीत." त्याने कात्री कमरेला खोचली. "चल. तू सांग, मी पितो. पण एक लक्षात ठेव, कुमा. मी रागावलेलाच आहे."

"ठाऊक आहे," रोसांदा म्हणाली आणि कागदावरचं पहिलं नाव वाचलं.