सारजाचा धूर

"कुणी खरं मानायचं न्हाय, पण यंदाचा उन्हाळा तुझ्या आईनं तापवलाय," मी प्रतिक्षाला म्हणालो.

सणसरला दारातल्या लिंबाखाली आम्ही तिघं बसलो होतो. शहाण्णव सालचा मे. शेजारच्या रानात उसाचं पाचट जळत होतं. माझी मेव्हणी प्रयागबाई शेळगावाहून, माझ्या बायकोच्या, सारजाच्या माहेराहून मुद्दाम आली होती, कारण प्रतिक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी शिकायला पुण्याला निघायची होती. माझी एकुलती लेक. तिच्या शाळेपायी मेंढरं विकून मी दुसऱ्याच्या उसाला पाणी देत होतो.

"झाल्या का सुरू थापा, आबा?"

"थापा कशाच्या? कालच तू सांगितलंस न्हवं?"

तिनं सांगितलं होतं ते असं. ऊन हवेतून सरळ खाली येतं, जमीन तापवतं. जमीन ती ऊब वर सोडते. पण धुरातला एक वायू ती वाटेतच धरतो आणि थोडी पुन्हा खाली धाडतो. वायू जेवढा जास्त, तेवढी ऊब इथंच राहते. मेंढरांच्या ढेकरांतूनही तसलाच एक निघतो म्हणे. "म्हंजी माझ्या तीनशे मेंढरांवर केस घालाय पायजे सरकारनं," असं मी म्हणालो, तर पोट धरून हसली होती. मग म्हणाली, धुरातला तो वायू शेकडो वर्षं आभाळात राहतो. मी तिथंच अडकलो.

"मग तुझ्या आईचा धूर कुठं जाईल? ह्या डोळ्यांनी बघितलाय मी. वारा सुटलेला, पर धूर काठीगत सरळ. वर गेला, उजनीच्या पाण्यापोत जाऊन आला अन् शेळगावावर थांबला. आजून थांबलाय. दुपारच्याला कुणी डोस्क्यावर हात ठेवल्यागत वाटतंय का न्हाय? ती हाय."

प्रतिक्षा हसायची थांबली. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती.

"तुमी होता तवा? तिच्याजवळ?"

एवढ्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"मग कोण? माझ्या मांडीवर डोकं व्हतं तिचं. म्हणाली, पोरीला शिकवा."

प्रतिक्षानं डोळे मिटले आणि तोंड उन्हाकडं केलं. गालावरचं पाणी तिनं पुसलंही नाही. वाटलं, आता पुण्यात ही एकटी नसेल. मला जोर चढला.

"अग्नी दिला अन् तीन दिस तितनं हाललो न्हाय मी. राख निवली तरी..."

सुपातले खडे वेचणारा प्रयागबाईचा हात थांबला.

"धूर कसला, दाजी?" ती म्हणाली. "अवकाळीनं लाकडं, गोवऱ्या, समदं भिजलं व्हतं. आमी पुरलं तिला. तुमी मेंढरं घिऊन कोकणात व्हता."