शुक्रवारची बुलेट

पनवेलच्या कोळीवाड्यातला काशिराम हा हट्टी माणूस, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. संध्याकाळी खाडीवर बसला की डोळे मिटून सांगायचा, ही कमलाकरची होडी आली, मागून दयारामची येतेय आणि तिच्या इंजिनाला परत धाप लागलीय. डोळे उघडायची गरज नाही. त्याची बायको गुणाबाई म्हणायची, ह्यांना साऱ्या होड्यांचं ऐकू येतं, माझंच तेवढं ऐकू येत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा मिथुन. त्याचा जीव होडीत कधी रमला नाही, रमला तो एका बुलेटमध्ये. उरणच्या भंगारवाल्याकडून त्याने पाचशे सीसीच्या बुलेटचा नुसता सांगाडा उचलून आणला आणि तीन वर्षं अंगणात बसून एकेक भाग जोडत गाडी उभी केली. एवढ्या खटाटोपात एक होडी बांधून झाली असती, असं काशिराम येताजाता ऐकवायचा. पण गाडी पहिल्यांदा धडधडली तेव्हा सगळ्यांच्या आधी बाहेर धावला तोच. मग मिथुनला कतारला, दोहा शहरात, वेल्डरची नोकरी लागली. निघताना तो आईच्या पाया पडला, बापाच्या पडला, आणि उगाच गाडीपाशी जाऊन उभा राहिला. चालवू नका, पण आठवड्यातून एकदा चालू करत जा, नाहीतर जाम होईल, एवढं सांगून गेला.

तिकडे पोराचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. एका खोलीत दाटीवाटीने राहायचं, अंग भाजणारं ऊन, शिव्या घालणारा सुपरवायझर, आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. त्यांच्यातलाच एक जण कॅम्प सोडून पळाला तो पोलिसांना सापडला आणि कोठडीत गेला. एका शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मिथुनचा फोन आला तो रडतच. मी पण निघतो, कसा पण निघतो, म्हणायला लागला.  गुणाबाईने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

आता काशिरामला कुठे बोलता येतंय! समजूत घालणं त्याला सात जन्मांत जमलं नसतं. तो नेमका गाडी चालू करायलाच निघाला होता. त्याने जुन्या बुलेटला किक मारायच्या आधी आणतात तसा अँपिअरचा काटा मध्यावर आणला, जोरात किक मारली आणि मोबाईल सायलेन्सरपाशी धरला. बऱ्याच वेळाने फोन कानाला लावला तर पोराचं रडणं थांबलेलं. नाक ओढत त्याने विचारलं, ऑईल कधी बदललं? काशिरामचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दर शुक्रवारी दिवेलागणीला फोन यायचा, गाडी ऐकून पोरगं पुढचा आठवडा काढायचं. दोन वर्षांचा करार अशाच शुक्रवारांनी पार पडेल, असं दोघं नवराबायको एकमेकांना सांगायचे.

आणि मग दोन हजार पाचच्या जुलैत खाडी घरात शिरली. ही दोघं जीव मुठीत धरून शेजारच्या गच्चीवर बसली होती. पाणी उतरल्यावर बघतात तर बुलेट आडवी, चिखलात रुतलेली. काशिरामने काय करावं? बुडालेल्या होडीचं इंजिन करतात तेच केलं. कोळ्याला लहानपणापासून माहीत असतं, इंजिन पाण्यातून निघालं की त्याला बसू द्यायचं नाही, गंज धरायच्या आत फिरवायचं. त्याने पाणी काढलं, आत डिझेल ओतलं आणि दयारामला गाडी धरायला लावून किका मारत सुटला. पण होडीचं इंजिन वेगळं आणि हे वेगळं. ह्याच्या आत खाडीचा गाळ गेला होता. एका किकेला आतून कट्‌ असं वाजलं आणि किक जिथल्या तिथे अडकली. मिथुनची तीन वर्षं बापाने एका लाथेत जाम करून टाकली.

पुराच्या बातम्या पोराने टीव्हीवर पाहिल्या होत्या. फोन लागला तेव्हा आधी आईबापाची खुशाली विचारून झाली, मग भीत भीत गाडीची. काशिराम आयुष्यात खोटं बोलला नव्हता असं नाही, पण एवढ्या झटपट कधी बोलला नव्हता. म्हणाला, उंचावर ठेवली होती, मडगार्डला चिखल लागला तेवढाच. बरं झालं, म्हणाला पोरगा, येत्या शुक्रवारी ऐकवा.

फोन ठेवल्यावर काशिरामच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर पोरगं तिकडे काय करून बसेल याचा नेम नाही, आणि ऐकवावं तर काय ऐकवावं! दोन दिवस तो जेवलासुद्धा नाही.

वाट काढली ती गुणाबाईने. मासळी बाजारात तिच्या पाटीवर एक गिऱ्हाईक यायचं, अवधूत नावाचं. राहायला सुकापूरला, नोकरी द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात. बाजाराच्या तोंडाशी बुलेट आडवी लावायची, सुरमईचे कल्ले उघडून उघडून बघायचे आणि भावासाठी डोकं खायचं, असा माणूस. दोघांचं कडाक्याचं वाजायचं. त्या दिवशी मात्र गुणाबाईने कोयता बाजूला ठेवला.

“सायब, शुक्रवारी सांजच्याला तुमची गाडी आमच्या दारात पायजे,” ती म्हणाली. “माज्या पोराला ऐकवायची हाय.”

बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच अवधूतला आधी वाटलं. पण तिने सगळं सांगितलं, भर बाजारात, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, डोळे न पुसता. त्याने ऐकून घेतलं. घर कुठे ते विचारलं आणि त्या दिवशी मेला सुरमई भाव न करता घेऊन गेला.

शुक्रवारी आला. पुढच्याही आला. बघा, ना ओळख ना पाळख, ना जात ना गोत, आणि हा माणूस ऑफिसातून दमून येताना वाट वाकडी करून कोळीवाड्यात शिरायचा, गाडी दारात लावायचा आणि रिंग वाजली की किक मारायचा. मुसळधार पावसात आला, गणपतीत आला. एकदा तापाने फणफणलेला आला तेव्हा त्याची बायको सुनीता मागे बसून आली होती, घरी थांबायला ऐकत नाहीत म्हणून रागावलेली. गुणाबाईने तिला आत नेऊन गरम कालवण वाढलं, तेव्हा कुठे राग उतरला. काशिराम मात्र पहिले काही महिने त्याच्याशी धड बोललासुद्धा नाही. उपकाराखाली माणूस कसा अवघडतो, तसा अवघडून उभा राहायचा.

त्याचं तोंड उघडलं ते मिथुनमुळेच. फोनवर गाडी ऐकून पोरगा एकदा म्हणाला, बाबा, इंजिनाचे टॅपेट वाजतायत, बघून घ्या. आता टॅपेट कुणाचे? अवधूतच्या गाडीचे! काशिरामने खोकत खोकत निरोप पोचवला आणि पाना घेऊन स्वतःच खाली बसला. मग ते दर काही आठवड्यांनी व्हायला लागलं. चेन सैल वाटते, प्लग साफ करा, कार्बोरेटर उघडा. दोहात बसून मिथुन सांगायचा, पनवेलात काशिराम आणि अवधूत गुडघ्यावर बसून करायचे, आणि अवधूतची बुलेट दिवसेंदिवस अशी सुरेल झाली की त्याच्या ऑफिसातले लोक मेकॅनिकचा पत्ता विचारायला लागले. हे आठवून दोघं पोट धरून हसायचे. पोराला कळलं नाही, याचा काशिरामला थोडा अभिमानही वाटायचा. फोनवर काय डोंबल कळतंय, असं तो म्हणायचा.

मिथुनच्या गाडीचं खरं इंजिन गॅरेजवाल्या प्रभाकर मिस्त्रीकडे उघडून पडलं होतं. जुन्या गाडीचे भाग मिळता मिळेनात आणि मिस्त्री ज्या सोमवारचा वायदा करायचा तो उजाडता उजाडेना. अवधूत सुट्टीच्या दिवशी काशिरामला मागे बसवून कुठे कुठे जाऊन भाग शोधून आणायचा. शेवटी शिमगा तोंडावर आला, दोन वर्षं भरली आणि मिथुन शुक्रवारी उतरतोय असा फोन आला. तेव्हा कुठे मिस्त्रीने इंजिन दिलं. आदल्या संध्याकाळी गाडी सुरू झाली. काशिरामने देवाला नारळ फोडला आणि अवधूतला सांगितलं, उद्या तुम्ही यायचंच, पन एक अक्षर बोलायचं नाय.

शुक्रवारी मिथुन रिक्षातून उतरला तेव्हा दारात त्याची बुलेट पुसूनपासून उभी होती आणि शेजारी अवधूतची. पोरगं वाळलं होतं, काळवंडलं होतं. गुणाबाई त्याला पोटाशी धरून रडली. काशिरामला ते जमणार नव्हतं म्हणून त्याने किक मारली. गाडी धडधडायला लागली. मिथुनने टाकीवर हात ठेवला, मान हलवली आणि स्वतःच ती बंद केली. मग तो शेजारच्या गाडीकडे वळला.

“ही जरा चालू करता काय?” त्याने अवधूतला विचारलं.

अवधूतने काशिरामकडे पाहिलं. काशिराम जमिनीकडे बघत होता. शेवटी अवधूतने किक मारली. मिथुन डोळे मिटून उभा राहिला, अगदी खाडीवर बाप बसायचा तसा.

“हीच,” तो म्हणाला.

 काशिरामच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. कोळ्याचा पोर तो, त्याला आवाज ओळखता येणार नाही, असं आपण धरून कसं चाललो! ज्याने तीन वर्षं हाताने जोडली त्याला!

“कवा समजलं?” त्याने विचारलं.

“पुरानंतरच्या पयल्याच शुक्रवारी.”

“मग बोलला का नाय?”

“बोललो असतो तर हे यायचे बंद झाले असते,” मिथुन म्हणाला. “बाबा, गाडी गेली ते समजलंच होतं मला. पन दर शुक्रवारी कोन तरी माज्या आईबापाच्या दारात येतंय, पावसात पन येतंय, तेवढं ऐकून मी तिथं राहिलो.”

अवधूतने गाडी बंद केली. चष्मा काढून तो शर्टाला पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता.

काशिरामला अजून एक गोष्ट उलगडत नव्हती. “मग ते टॅपेट न चेन न काय काय सांगायचा, ते रं कशाला?”

“त्यांची गाडी बंद पडली असती तर आले असते कसे?” मिथुन म्हणाला. “माज्याकडून तेवढंच होत होतं.”

मग तो वाकून अवधूतच्या पाया पडायला गेला आणि अवधूतने त्याला वरच्यावर धरला. काशिराम पुढे झाला. इतक्या महिन्यांत ज्या माणसाला त्याने धड खुर्चीसुद्धा दिली नव्हती, त्याचे दोन्ही हात त्याने आपल्या हातात घेतले. त्याला फार काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “भाऊ, जेवून जायचं.” पण त्याने साहेब म्हटलं नाही, भाऊ म्हटलं, हे अवधूतच्या लक्षात आलं असणार, कारण तो चपला काढून आत गेला.

शिमग्याला गुणाबाईने होडीची पूजा केली, मग दोन्ही बुलेटींची, आणि पहिला हार अवधूतच्या गाडीला घातला. पुढच्या शुक्रवारी दिवेलागणीला घरात सगळे होते, फोन यायचा नव्हता, कुणाला काही ऐकवायचं नव्हतं. काशिराम सवयीने उंबऱ्यावर जाऊन बसला आणि त्याने डोळे मिटले.

“आले,” तो म्हणाला. “अजून बाजाराच्या कोपऱ्यावर हायत.”

मिथुनने पाना घेतला आणि बापाच्या शेजारी जाऊन बसला.